मुनीमचं पथ्य

जावईबापूंनी दाराला बाहेरून कुलूप घातलं, एकदा ओढून पाहिलं, मग पुन्हा ओढून पाहिलं. कारखान्यात सेफ्टी ऑफिसर असलेला माणूस कुठलीच गोष्ट एकदा ओढून समाधानी होत नाही. आत खुर्चीत बसलेल्या अण्णांनी दोन्ही खडखडाट ऐकले आणि पायाशी बसलेल्या कुत्र्याला म्हणाले, "झालं. तिजोरी बंद. आता संध्याकाळपर्यंत आपल्याला कुणी चोरून नेत नाही."

कुत्र्याचं नाव मुनीम. रंग खरपूस भाजलेल्या पावाचा, छातीवर पांढरा ठिपका, पंजे पांढरे, आणि जात विचारू नये अशी. पिल्लू होता तेव्हा अण्णांच्या बेकरीच्या उंबऱ्यात बसून तो येणाऱ्याजाणाऱ्याकडे असा बघायचा, की प्रत्येकाच्या नावावर काहीतरी बाकी निघावी. म्हणून हे नाव. पुढे बेकरी विकली गेली, तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात. मुनीम अण्णांबरोबर लेकीच्या घरी, चौथ्या मजल्यावर राहायला आला.

कुलूप नंतर आलं. अण्णांची स्मरणशक्ती अशी झाली होती, की जुना माल गोदामात थप्प्या लावून पडलेला, आणि नवा माल मात्र येतो तसा मागच्या दाराने निघून जातो. एकदा सकाळी मुनीमला फिरवायला म्हणून निघाले ते थेट बेकरीवर गेले आणि भट्टी पेटवायची म्हणून मोबाइलवाल्याचं शटर उचलायला लागले. त्याने पत्ता विचारला तर लहानपणीच्या घराचा सांगितला. शेवटी मुनीमने पट्टा ओढत ओढत त्यांना परत आणलं. त्या दिवसापासून जावईबापू आणि बेबी कामावर जाताना दार बाहेरून बंद करू लागले.

"कारखान्यात बाहेर पडायच्या दाराला कुणी साधी कडी लावली तरी तुम्ही नोटीस काढता ना?" अण्णांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"तिथे आग लागू शकते, अण्णा."

"आणि इथे?"

"इथला गॅस मी खालून बंद करून जातो. वॉचमनकडे दुसरी चावी आहे."

"म्हणजे जळायचं असेल तर वॉचमनला आधी सांगायला हवं."

जावईबापू हसले नाहीत. सुरक्षिततेच्या बाबतीत ते हसत नसत.

कुलूप लागलं की घरात एकच आवाज उरायचा. चप् चप् चप्. मुनीम पुढचा उजवा पंजा चाटायचा, तो झाला की डावा, मग मांडीच्या आतली लाल झालेली कातडी. मध्येच उठून कान फडाफडा झाडायचा आणि परत पंजावर यायचा. बोटांमधले पांढरे केस थुंकीने गंजल्यासारखे झाले होते. अण्णांना त्या आवाजाचा वैताग यायचा. पण उठून जायचं कुठे? या खोलीतून त्या खोलीत. मागोमाग मुनीम यायचा, आणि मुनीमबरोबर तो आवाज. खिडकीपाशी उभं राहिलं तर खाली माणसं हातात पिशव्या घेऊन कुठेकुठे जात असलेली दिसायची. कुठे जात असतील, हा अण्णांचा दिवसभराचा अभ्यास.

एका रविवारी अण्णांनी मुनीमचा कान वर करून हुंगला आणि लेकीला हाक मारली. "बेबी, याच्या कानात कुणीतरी पीठ आंबवायला ठेवलंय."

बेबी आता चाळिशीची; चष्म्याच्या दुकानात लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढायची. पण वडिलांच्या तोंडी ती बेबीच राहिली. "तुम्हाला सगळीकडे बेकरीच दिसते," ती म्हणाली.

"दिसत नाही गं, वास येतोय. ये, हुंग."

तिने हुंगलं आणि त्याच संध्याकाळी जनावरांच्या डॉक्टरांची वेळ घेतली.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि बोलताना हात धुवायच्या किंवा हात धुताना बोलायच्या. त्यांनी कान पाहिले, पंजांची बोटं फाकवली, पोटावरची लाली पाहिली, बारीक फणीने पिसवा शोधल्या. पिसवा नव्हत्या.

"खाज ठरावीक दिवसांत असते, की कायम?"

"बाराही महिने," जावईबापू म्हणाले. "आम्ही टीव्हीचा आवाज वाढवून बसतो."

"पोट?"

"मधूनमधून बिघडतं."

"कान, पंजे, पोट, आणि वर्षभर. मला खाण्याचा संशय येतो. कानात यीस्ट वाढलंय, त्याला औषध देते, पण ते नंतर आलेलं. मूळ दुखणं वेगळं."

"पण हा लहानपणापासून तेच खातोय," बेबी म्हणाली. "मग आताच कसं?"

"सगळे हेच विचारतात. बहुतेक वेळा ॲलर्जी होते ती रोजच्या खाण्याचीच. वर्षानुवर्षं गोडीत चाललेलं असतं आणि एक दिवस शरीर भांडण काढतं."

"माणसांचंही तसंच आहे," अण्णा जावयाकडे न बघता म्हणाले.

जावईबापूंनी रक्ताच्या तपासणीचं विचारलं. डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. खाण्याच्या ॲलर्जीसाठी त्या तपासणीवर त्यांचा भरवसा नव्हता. भरवशाची परीक्षा एकच, पथ्याची. त्यांनी एक पिशवी काढून टेबलावर ठेवली. आत तपकिरी दाणे. यातली प्रथिनं इतकी बारीक तोडलेली, की शरीराला ती कुणाची ते ओळखूच येत नाही, त्यामुळे भांडायला कुणी सापडत नाही. आठ आठवडे हे दाणे आणि पाणी.

"बाकी काही नाही. दूध नाही, बिस्किट नाही, कुणाचं ताट चाटणं नाही. चव लावलेली जंताची गोळी नाही, मी साधी देते. ती चिकनच्या वासाची टूथपेस्ट वापरता का? तीही बंद."

"आणि एखादा तुकडा?" अण्णांनी विचारलं.

"एक कणही नाही, आजोबा. एक तुकडा पोटात गेला की परीक्षा रद्द."

जावईबापूंचा चेहरा उजळला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना आपली भाषा बोलणारी बाई भेटली होती.

परतताना गाडीत मात्र ते वेगळं बोलले. "आठ आठवडे बघू. तरी हेच चालू राहिलं तर मी याला चुलतभावाच्या शेतघरावर पाठवणार. मोकळी जागा आहे, बसू दे चाटत. घरात वास, सोफ्यावर रक्ताचे ठिपके... किती दिवस काढायचे असे?"

"आणि अण्णा?" बेबी हळू आवाजात म्हणाली. मागच्या सीटवर बसलेली माणसं बहिरी असतात असा पुढच्या सीटवरच्यांचा समज असतो. "मुनीम आहे म्हणून अण्णांना दिवसभर ठेवता येतं. ते गॅसपाशी खुडबुड करायला लागले की हा भुंकतो, वॉचमन वर येतो. हा गेला तर त्यांना एकटं कसं ठेवणार?"

"तर मग ती बागवाली संस्था आहेच."

बागवाल्या संस्थेत अण्णांना एकदा दाखवायला नेलं होतं. बाग सुरेख होती. बागेकडे तोंड करून खुर्च्या मांडल्या होत्या, आणि खुर्च्यांवर माणसं ठेवली होती. कोण काय जेवलं हे अण्णांना तासाभराने सांगता यायचं नाही. पण त्या खुर्च्या आणि जावयाचं हे वाक्य त्यांच्या डोक्यात असं चिकटलं, की पुसता येईना. विसरायचं ते राहतं आणि ठेवायचं ते जातं, असा उफराटा कारभार.

मुनीमने उजव्या पंजाला सुरुवात केली. अण्णांनी त्याचा पंजा आपल्या मुठीत धरून ठेवला, घर येईपर्यंत.

पथ्य सुरू झालं. जावईबापूंनी ते कारखान्याच्या शिस्तीने राबवलं. जेवणं आतल्या खोलीत दार लावून. जेवण झालं की ते स्वतः ओणवे होऊन टेबलाखाली बॅटरी मारायचे. बाहेर मुनीम दाराच्या फटीला नाक लावून बसलेला, सगळ्यांच्या नावावर बाकी मांडत.

बिस्किटांच्या डब्यावरून मात्र भांडण झालं. अण्णा रोज चहाबरोबर दोन बिस्किटं खायचे आणि दुसऱ्यातलं अर्धं मुनीमला द्यायचे. बेकरीपासूनचा हा करार. जावईबापू म्हणाले, डबाच घरातून काढू.

"पथ्य कुत्र्याला आहे की मला?" अण्णा कडाडले. "चाळीस वर्षं गावाला बिस्किटं खायला घातली, आणि आता माझ्याच चहाची मोजदाद?"

बेबी मध्ये पडली. डबा स्वयंपाकघरात वरच्या फळीवर ठेवायचा, अण्णांना सकाळी ती काढून देणार, मुनीम त्या वेळी गॅलरीत, असं ठरलं. ठरलं म्हणजे जावईबापू गप्प बसले.

सुरुवातीला कानाच्या थेंबांनी वास गेला, तेव्हा सगळ्यांना हायसं वाटलं. पण पंजे चाटणं थांबेना. अर्धी मुदत उलटली, पोटावरची लाली तशीच. घरात माणसं एकमेकांकडे तिरकी बघायला लागली.

"अण्णा, तुम्ही काही दिलं नाहीत ना?" जावईबापू रोज संध्याकाळी बूट काढता काढता विचारायचे.

"मी? एक कणही नाही," अण्णा छातीवर हात ठेवून म्हणायचे.

आणि ते खरंच बोलत असायचे. डोक्यात शोधून पाहिलं तर तशी नोंद नसायची. पण रात्र होण्याआधी, चहाचा कप हातात असताना, त्यांना प्रश्न पडायचा: नोंद नाही म्हणजे व्यवहार झाला नाही, की लिहिणाराच उठून गेला? आठवत नाही आणि झालं नाही, यांतला फरक त्यांना आता आतून कळत नव्हता. शर्टाच्या खिशात बोटं घातली की चुरा लागायचा. बेकरीवाल्याच्या खिशात चुरा असायचाच, अशी ते स्वतःची समजूत घालायचे. मग जावयावर संशय घ्यायचे. तो सकाळी घाईत टोस्ट चावत घरभर फिरतो, सांडत असेल. मग बेबीवर, तिचं मन मऊ, देत असेल गुपचूप. पण दोघं दिवसभर बाहेर. घरात कोण? एक ते आणि एक खाणारा.

घराला कुलूप आहे याचा त्रास व्हायचा तो वेगळा. त्यापेक्षा ही दुसरी कोंडी वाईट होती. तिला खिडकीसुद्धा नव्हती.

मुदत संपली त्या दिवशी संध्याकाळी डॉक्टरीणबाईंकडे जायचं होतं. सकाळी जावईबापू फोनवर चुलतभावाशी बोलत असलेले अण्णांनी ऐकलं. "रविवारी घेऊन येतो रे. पट्टा, भांडं, सगळं देतो." मग कुलूप लागलं. दोनदा ओढलं गेलं.

अण्णा खुर्चीत बसून राहिले. मग उठले. मुनीम आतल्या खोलीत झोपलेला बघून त्यांनी स्वयंपाकघरातून मैद्याची बरणी आणि चाळणी घेतली. चाळीस वर्षं त्यांनी ओट्यावर मैदा भुरभुरला होता, कणीक चिकटू नये म्हणून. हाताला ते काम डोक्याला न विचारता यायचं. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापासून फळीपर्यंत त्यांनी चाळणी हलवत हलवत फरशीवर इतका पातळ थर दिला, की जाणाऱ्याला दिसू नये आणि गेलेला लपू नये. वाकून एका डोळ्याने पाहिलं. सगळीकडे सारखा. बरणी जागेवर ठेवली, आणि मागे सरकत, आपल्या पावलांवरून पुन्हा चाळणी फिरवत बाहेर आले.

खुर्चीत येऊन बसले. खिडकीतून माणसं बघितली. आणि विसरले.

दुपारी ते पाणी प्यायला उठले तर स्वयंपाकघराच्या तोंडाशी पांढरं काहीतरी सांडलेलं. "काय ही माणसं," ते पुटपुटले, "सांडतात आणि तशीच जातात." कोपऱ्यातला झाडू आणला. पहिला फटकारा मारायला वाकले, आणि तेवढ्यात नजर मागे खुर्चीवर गेली. खुर्चीच्या हातावर चाळणी ठेवलेली होती. त्यांनी आपली बोटं पाहिली. नखांच्या कडेला मैदा.

झाडू हातात तसाच राहिला. सगळं हळूहळू परत आलं, ओल्या कागदावर उमटावं तसं.

मैद्यात चपलेचे ठसे होते. आत गेलेले, फळीखाली घुटमळलेले, बाहेर आलेले. डावी टाच आतल्या बाजूला झिजलेली. अण्णांनी डावा पाय उचलून चप्पल उलटी करून बघितली. बघायची गरज नव्हती. ठशांच्या शेजारून चार बोटांची पावलं आत गेली होती, आणि फळीखाली, जिथे चपला थांबल्या होत्या, तिथे मैदा जिभेने स्वच्छ पुसलेला होता. बंद घराचा हा एक फायदा. संशयितांची यादी लांबत नाही.

मुनीम शेजारी येऊन उभा राहिला. त्याचं नाक पांढरं झालं होतं, आणि पथ्य मोडल्याचा तेवढा पुरावा तो जीभ वळवून वळवून चाटून टाकत होता. अण्णांना आधी हसू आलं. मग ते उंबऱ्यापाशी खालीच बसले.

आता काय? सांगितलं, तर जावयाचं काम सोपं झालं. म्हातारा स्वतःच्या हातावर नजर ठेवू शकत नाही. चला, बागेकडे तोंड करून बसवा. नाही सांगितलं, तर रविवारी मुनीम शेतघरावर, आणि त्याच्यामागून बागच. दोन्ही वाटा त्याच खुर्चीपाशी जात होत्या.

आणि तिसरी एक वाट होती. ती सगळ्यात सोपी. झाडू हातातच होता. चार फटकारे मारायचे आणि खुर्चीत जाऊन बसायचं. बाकीचं काम डोकं करील. संध्याकाळी कुणी विचारलं, की छातीवर हात ठेवून नाही म्हणायचं, आणि ते खोटंही असणार नाही. चोरी करून चोरीच विसरायची सोय देवाने आणखी कुणाला दिली आहे? दुसऱ्या कुणाच्या नशिबी असती तर त्याने तिचं सोनं केलं असतं.

अण्णांनी झाडू लांब सरकवला, मुनीमचा पट्टा धरून त्याला मैद्यापासून ओढलं आणि फोनचं मोठं बटण दाबलं. त्यांच्या फोनवर एकच बटण मोठं होतं, बेबीचं.

"अण्णा? काय झालं? पडलात का?"

"पडलो नाही, सापडलो. गिऱ्हाईक आहे का समोर?"

"आहे."

"त्याला सांग, जरा डोळे मिटून बस. आता ऐक. मुनीमला बिस्किटं मीच देतोय."

"कधी दिलीत?"

"ते मला विचारू नकोस. रोज देत असणार. फरशीवर उमटलंय, येऊन बघ. मी पुसत नाही. आणि हे नीट ऐक. संध्याकाळी मी नाही म्हणेन. छातीवर हात ठेवून म्हणेन. तेव्हा माझ्यावर विश्वास ठेवायचा नाही. म्हणून दाखव."

"अण्णा, असं काय..."

"म्हणून दाखव आधी. भट्टीवरच्या पोरांकडून नाही का म्हणून घ्यायचो मी?"

"तुम्ही नाही म्हणालात," बेबी म्हणाली, "तर विश्वास ठेवायचा नाही."

"शाब्बास. आता गिऱ्हाईकाचे डोळे उघड."

बेबी लवकर घरी आली तेव्हा अण्णा उंबऱ्यापाशी खुर्ची टाकून बसले होते. एका हातात मुनीमचा पट्टा, दुसऱ्या हातात झाडू. "बेबी, हा मैदा कुणी सांडलाय बघ," ते म्हणाले. "केव्हाचा पुसणार होतो. पण कुणीतरी पुसू नको म्हणालंय, असं वाटतंय."

तिने मोबाइलवर ठशांचा फोटो काढला. मग ओल्या फडक्याने फरशी पुसायला बसली, आणि बराच वेळ पुसत राहिली.

कारखान्यातून थेट दवाखान्यात आलेल्या जावईबापूंनी डॉक्टरीणबाईंच्या टेबलासमोर खणखणीत अहवाल दिला. "आठ आठवडे काटेकोर पाळले. मी स्वतः टेबलाखाली बॅटरी मारतो. फरक शून्य."

"मग खाण्याचा संबंध नसावा," डॉक्टरीणबाई पंजा बघत म्हणाल्या. "धुळीची, हवेतली एखादी ॲलर्जी असेल. म्हणजे गोळ्या, आणि बहुधा जन्मभर."

"ठीक आहे. मग मी भावाला कळवतो..."

"थांबा," बेबी म्हणाली. "परीक्षा झालेलीच नाही." आणि तिने फोटो टेबलावर ठेवला.

सगळ्यांनी वाकून बघितलं. अण्णांनीही बघितलं. ते ताठ झाले. "हे काय? माझ्यावर आळ? मी? एक कणही नाही!" हात छातीवर गेला.

"अण्णा, तुम्हीच मला फोन केलात दुपारी."

"मी तुला फोन केला नाही."

"तुम्ही म्हणालात, संध्याकाळी मी नाही म्हणेन, तेव्हा विश्वास ठेवायचा नाही."

त्या छोट्या खोलीत दाराजवळ जावई, खिडकीजवळ औषधांचं कपाट, मध्ये टेबल. हलायला जागा नव्हती. मुनीमने कान झाडले.

"आणखी काय म्हणालो मी?"

"गिऱ्हाईकाला सांग डोळे मिटून बस, म्हणालात. आणि शेवटी, आता गिऱ्हाईकाचे डोळे उघड."

अण्णांनी ते वाक्य मनात दोन वेळा भाजून पाहिलं. मग छातीवरचा हात खाली घेतला. "मग मीच तो," ते म्हणाले. "असं दुसरं कोण बोलणार?"

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्या हात पुसत अण्णांच्या समोर येऊन उभ्या राहिल्या. "आजोबा, मी आत्ता चुकीच्या रस्त्याला लागले होते. याला जन्मभराच्या गोळ्या लावल्या असत्या. पुन्हा सुरू करू. पहिल्या दिवसापासून."

"पुन्हा आठ आठवडे?" जावईबापूंनी कपाळाला हात लावला. "आणि अण्णा दिवसभर घरात असताना? डॉक्टर, हे जमायचं नाही. तोपर्यंत त्यांना कुठे तरी..."

"बिस्किटं घरातून जातील," बेबी म्हणाली. "पाव, टोस्ट, दूध, दुधाची पावडर, सगळं. जे घरात नाही ते कुणी देऊ शकत नाही. तुमचा सकाळचा टोस्टसुद्धा."

"माझा टोस्ट?"

"तुमचाच."

जावईबापूंच्या नोकरीत अपघात बरेच झाले होते, पण हा थेट त्यांच्या अंगावर आला होता. बेबी त्यांच्याकडे बघत राहिली, ते पुढचं काही बोलले तर ऐकायच्या तयारीने. ते भावाला फोन करायला बाहेर गेले आणि परत येऊन म्हणाले, "सांगितलं त्याला. या रविवारी नाही."

"आणि तो डबा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "डबा राहू दे. आजोबांच्या हाताला द्यायची सवय आहे, ती मोडत बसू नका. रोजच्या मापातले थोडे दाणे त्या डब्यात भरून ठेवा. देऊ देत किती द्यायचे ते."

तसं झालं. बेकरीवाल्याच्या घरात बेकरीचा एकही पदार्थ उरला नाही. जावईबापू कारखान्याच्या कँटीनमध्ये टोस्ट खाऊन हात धुऊन, कपडे झटकून घरी यायला लागले. तपासणी करणाऱ्याचीच तपासणी बेबी दारात करायची. अण्णा दिवसातून कितीतरी वेळा डबा उघडायचे आणि मुनीमला दाणे द्यायचे. एकदा त्यांनी दोन दाणे कोऱ्या चहात बुडवून स्वतःच खाल्ले. "या बेकरीवाल्याचा हात आखडता दिसतो," संध्याकाळी त्यांनी तक्रार केली. "साखर नाही, मीठ नाही, आणि भाजलंय तर दगडासारखं."

हळूहळू पंजांमधले केस मुळाकडून पांढरे यायला लागले. पोटावरची लाली विझली. आणि कुलूप लागलं, की घरात काहीच आवाज उरेना. अण्णा त्या शांततेत दचकून जागे व्हायचे, वाकून मुनीमच्या पोटावर हात ठेवायचे. पोट वरखाली होत असायचं. मग ते खिडकीपाशी जायचे. खाली माणसं कुठेकुठे जात असायची.

मुदत संपल्यावर डॉक्टरीणबाईंनी शेवटची गोष्ट सांगितली. आता मुद्दाम पूर्वीचंच बिस्किट द्या. खाज परत आली तरच पक्कं झालं. जावईबापूंनी ते स्वतः विकत आणलं, स्वतः तोडलं, स्वतः भरवलं. दोन दिवसांत मुनीमने उजवा पंजा तोंडात घेतला, आणि तो आवाज ऐकून बेबी आणि जावईबापू एकमेकांकडे बघून असे खूश झाले, की जणू घरात नातवंड झालंय. बिस्किट बंद, खाजही बंद. पुढे दूध वेगळं, गहू वेगळा, असं एकेक देऊन डॉक्टरीणबाईंनी दुधावर बोट ठेवलं. शेतघराचं नाव निघेनासं झालं. बागेचंही.

राहता राहिले अण्णा. ते सकाळी मुनीमचे पांढरे पंजे बघायचे आणि विचारायचे, "हा बरा कसा झाला?" बेबी सांगायची. पथ्य, दाणे, बिस्किटं. मग ते विचारायचे, "आणि बिस्किटं देत कोण होतं?" ती खरं सांगायची, आणि रोज तो चेहरा नव्याने पडायचा. हात छातीवर जायचा, मग सावकाश खाली यायचा. उरलेली सकाळ ते खुर्चीत गप्प बसून काढायचे. दुपारपर्यंत विसरायचे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच आळ त्यांची वाट बघत बसलेला. खटला एकदाच झाला होता. शिक्षा मात्र रोज सुनावली जात होती.

अशाच एका सकाळी बेबी डबा भरत होती आणि जावईबापू दाराशी बूट घालत होते.

"आणि बिस्किटं देत कोण होतं?" अण्णांनी विचारलं.

बेबीचा हात डब्यात थांबला. "होतं कुणीतरी घरातलंच," ती म्हणाली.

"घरातलं म्हणजे? घरात माणसं किती?" अण्णांनी तिच्याकडे पाहिलं, स्वतःच्या हातांकडे पाहिलं, आणि त्यांची बोटं खुर्चीच्या कडेला घट्ट होऊ लागली.

जावईबापूंनी बुटाची नाडी बांधली, पुन्हा एकदा ओढून पाहिली आणि वर न बघता म्हणाले, "मी देत होतो, अण्णा."

अण्णांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग बोटं सैल झाली. "तुम्ही?"

"हो. चुकून."

"आणि सगळ्या घराला बॅटरी मारत होतात." अण्णा खुर्चीत मागे टेकले. चेहऱ्यावर हळूहळू मोठेपणा पसरला. "असू दे. मनाला लावून घेऊ नका, जावईबापू. कामाच्या माणसाच्या डोक्यात किती गोष्टी राहणार? विसरतो माणूस."

"हो, अण्णा."

"आता असं करा. याला काही दिलंत की मला सांगत जा. मी ठेवीन लक्षात."